सुन वू की सुन बिन : आधी कोणाला वाचावे?

प्राचीन चीनच्या युद्धेतिहासाकडे वळणाऱ्या वाचकापुढे ‘सुनझी’ या एकाच आदरनामाने ओळखले गेलेले दोन सेनानी उभे राहतात : वू राज्याचा सुन वू आणि त्याच्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी ची राज्यात गाजलेला, त्याचाच वंशज मानला गेलेला सुन बिन. दोघांचीही चरित्रे हान काळातील इतिहासकार सीमा छ्येन याने लिहिली. मात्र दोघांच्या मागे असलेला पुरावा सारखा नाही.

सुन वूच्या चरित्राचा बहुतेक भाग एकाच प्रसंगाने व्यापला आहे. वूचा राजा हलू याने सुन वूच्या परीक्षेसाठी अंतःपुरातील १८० स्त्रिया कवायतीला उभ्या केल्या आणि त्या हसू लागल्या, तेव्हा सुन वूने राजाच्या दोन लाडक्या स्त्रियांचा शिरच्छेद करवला. इ.स.पू. ५०६ मध्ये वूच्या सैन्याने छू राज्याची राजधानी यिंग घेतली, हे खरे. पण त्या मोहिमेची तपशीलवार हकिकत देणाऱ्या ‘झ्वोच्वान’ या जुन्या इतिहासग्रंथात राजाच्या भावाचा पराक्रम येतो, सुन वूचे नावही येत नाही. त्याच्या नावावरील १३ प्रकरणांत लाखाच्या फौजेचा जो हिशेब मांडला आहे, तोही नंतरच्या, राज्याराज्यांतील महायुद्धांच्या काळाशी अधिक जुळतो.

सुन बिनची कथाही कमी नाट्यमय नाही. वेइ राज्याचा सेनापती झालेल्या सहाध्यायी फांग ज्वानने मत्सरापोटी त्याला अपंग केले, आणि पुढे मालिंगच्या लढाईत सुन बिनने रोज चुली कमी करत, म्हणजे एक लाखावरून पन्नास हजार आणि मग तीस हजार, आपले सैनिक पळत असल्याचा भास निर्माण करून फांग ज्वानला सापळ्यात ओढले. परंतु १९७२ मध्ये शांतुंग प्रांतातील लिनयीजवळ, यिनछ्वेशान येथील हानकालीन थडग्यांत बांबूच्या पट्ट्यांवर लिहिलेला त्याचा हरवलेला ग्रंथ सापडला, आणि त्यात फांग ज्वान त्याआधीच्या क्वेइलिंगच्या लढाईतच पकडला गेल्याचे आढळले. दंतकथा आणि नोंद अशी समोरासमोर तपासून पाहण्याची संधी फार क्वचित मिळते.

म्हणूनच इतिहास समजून घ्यायचा असेल, तर माझ्या मते सुन बिनपासून आरंभ करावा. ज्याला केवळ युद्धविचार हवा आहे, त्याने सुन वूच्या नावावरील १३ प्रकरणेच आधी घ्यावीत, कारण ती सलग वाचता येतात. सुन बिनचा ग्रंथ तुटक्या पट्ट्या जुळवून उभा केलेला असल्याने अनेक ठिकाणी वाक्य अर्ध्यावरच थांबते.