दोन टनी फोल्डिंग इंजिन क्रेन: पाटीवरच्या आकड्यावर जाऊ नका

गाडीतून इंजिन उचलून काढायच्या, घडी होणाऱ्या फोल्डिंग इंजिन क्रेनवर ठळक ‘2 टन’ लिहिलेलं असतं. ते खरं आहे, पण बूम, म्हणजे हूक धरणारा लांब-आखूड होणारा हात, पूर्ण आत असतानाच. बूमला सहसा चार भोकं असतात. पिन एकेक भोक पुढे नेली की क्षमता 2000, 1500, 1000 आणि शेवटी 500 किलोवर येते. बंपर ओलांडून हूक इंजिनवर आणायचा तर बहुतेकदा शेवटची दोन भोकंच कामाची. जुन्या जीपचं डिझेल इंजिन गिअरबॉक्ससकट तीनशे किलोच्या घरात जातं, त्याला 500 पुरतात. एक टनी क्रेनवर त्याच जागी अर्धेच उरतात, म्हणून दोन टनीच घ्या.

खरा घात होतो तो इंजिन हुकाला टांगणाऱ्या साखळीत. ती जितकी आडवी बांधाल तितका ताण वाढतो. तीनशे किलोला आडव्या रेषेशी 60 अंशांचा कोन असेल तर प्रत्येक बाजूवर साधारण 173 किलो येतात. 30 अंशांत प्रत्येक बाजूवर पूर्ण 300! शिवाय साखळी इंजिनला धरणारा बोल्ट तिरका ओढला जातो आणि अ‍ॅल्युमिनियमच्या हेडमधले आटे उपटून हातात येतात. बोल्ट जास्त ताकदीचा, 8.8 ग्रेडचा घ्या, अ‍ॅल्युमिनियममध्ये व्यासाच्या दुप्पट तरी आत जाऊ द्या आणि डोक्याखाली जाड, रुंद वॉशर घाला. लोड लेव्हलरचे, म्हणजे टांगलेलं इंजिन हवं तसं कलतं करणाऱ्या पट्टीचे, पैसे वाचवू नका. गिअरबॉक्सची बाजू खाली झुकवल्याशिवाय इंजिन सरळ बाहेर येत नाही.

क्रेनचा नवा हायड्रॉलिक जॅक स्पंजासारखा दबत असेल तर आत हवा आहे: रिलीज व्हॉल्व्ह (दाब सोडायची झडप) उघडा ठेवून आठ-दहा वेळा पंप मारा. मग इंजिन इंचभर उचला, टेपने उंची मोजा आणि दहा मिनिटांनी पुन्हा मोजा. उंची उतरली किंवा रॉडवर तेलाचा ओला पट्टा दिसला, तर सील गेलं. तेल हायड्रॉलिकच भरा, ब्रेक ऑइलने सील फुगतं. उतरवताना व्हॉल्व्ह अगदी हळू सोडा, एकदम फिरवला तर इंजिन धपकन येतं.

शहाबादी फरशीच्या सांध्यात छोटी चाकं अडकतात आणि लोंबतं इंजिन क्रेनला पुढे ओढतं. तिथे 18 मिमी प्लायवुड अंथरा, इंजिन जमिनीलगत आणूनच क्रेन ढकला.

स्लॅबमधल्या पंख्याच्या हुकाला चेन ब्लॉक (साखळी ओढून वजन उचलायची कप्पी) टांगणं मात्र कदापि नको. आयएस 3832 या भारतीय मानकाचा शिक्का असलेला ब्लॉक कितीही चांगला असो, हूक त्या वजनासाठी बसवलेलाच नसतो.

दुकानात जाण्याआधी गाडीखालची मोकळी उंची मोजा. क्रेनचे पाय आत गेले नाहीत तर बाकी सगळं व्यर्थ.