उन्हाळी शिबिर: मुक्कामी पाठवायचं की येऊन-जाऊन? सोलापुरातल्या आईबापांसाठी

एप्रिल लागला की सोलापुरात प्रत्येक ग्राऊंडच्या बाहेर शिबिरांचे फ्लेक्स लागतात आणि घराघरात एकच चर्चा, पोराला येऊन-जाऊन घालायचं की सरळ मुक्कामी पाठवायचं. फी किती, जेवण कसं, मॅट आहे का, सरांची किती पोरं स्टेट खेळली, हे सगळे विचारतात. रात्री पोरं कुठं झोपतात आणि त्या वेळी तिथं मोठं माणूस कोण असतं हे फार कमी लोक विचारतात, कारण तसं विचारलं की सरांवर लैंगिक अत्याचाराचा संशय घेतल्यासारखं वाटतं. मी स्वतः खो-खो खेळलेय, आता मुलगी खेळते, आणि माझं स्पष्ट मत आहे की निर्णय ह्याच प्रश्नावर व्हायला पाहिजे, बाकी सगळं नंतर.

आपल्याकडे साधारण तीन पर्याय असतात. एक, पार्क स्टेडियम किंवा कुमठा नाक्याच्या संकुलासारख्या ठिकाणी सकाळ-संध्याकाळचं शिबिर. दोन, एखाद्या अकॅडमीचं निवासी शिबिर, गावाबाहेरच्या शाळेत नाहीतर कुणाच्या तरी फार्महाऊसवर. तीन, स्पर्धेआधी खेळाची संघटना घेते ते निवड झालेल्या पोरांचं सराव शिबिर.

आधी येऊन-जाऊनवालं. ह्याचा तोटा सोलापूरकराला सांगायला नको, बेचाळीस-त्रेचाळीस डिग्री उन्हात दिवसातून चार फेऱ्या आणि आईबाप दोघं नोकरीला असतील तर सोडणार कोण. पण फायदा फार मोठा आहे, पोरगं रात्री घरी असतं. जेवताना ते काय बोलतं, काय बोलत नाही, एखाद्या दिवशी ग्राऊंडवर जायला का टाळतंय हे त्याच दिवशी दिसतं. कुणी वाईट वागलं तरी त्या माणसाला पोर रात्रभर ताब्यात मिळत नाही. तरी इथंही डोळे झाकून बसायचं नाही. धोका असतो तो ग्राऊंडवर कमी आणि कडेला जास्त, म्हणजे सर गाडीवर एकट्याला घरी सोडतात ते, चेंजिंग रूम, दुखापतीच्या नावाखाली बंद खोलीत मालिश, आणि रात्री अकराला पोराच्या मोबाईलवर येणारे पर्सनल मेसेज. सरांना जे सांगायचंय ते आईबाप असलेल्या ग्रुपवर सांगावं, एवढा एक नियम तुम्ही तुमच्या बाजूनं लावू शकता आणि चांगला कोच ह्याला कधीच नाही म्हणत नाही.

आता अकॅडमीचं निवासी शिबिर. ह्याचे फायदे खोटे नाहीत बरं का, मी विरोधात आहे असं नाही. पहाटे उठणं, दोन वेळा सराव, वेळेवर झोप, स्वतःचे कपडे स्वतः धुणं, पोरं खरंच बदलून येतात. पण ज्या गोष्टींमुळं शिबिर चांगलं चालतं त्याच गोष्टी वाईट माणसाच्या हातात पडल्या की घात होतो. गावापासून लांब, मोबाईल काढून घेतलेला, भेटायला रविवारशिवाय परवानगी नाही, खायचं काय, झोपायचं कधी, शिक्षा काय, टीममध्ये कोण हे सगळं एकाच माणसाच्या मर्जीवर. अशा ठिकाणी पोरानं तक्रार करायची म्हटलं तरी कुणाकडं करायची?

हे मी हवेत बोलत नाही. अमेरिकेत जिम्नॅस्टिक्सच्या नॅशनल टीमचं सराव केंद्र टेक्सासमध्ये एका आडबाजूच्या रँचवर होतं, आईबापांना तिथं राहायला परवानगी नव्हती. टीमचा डॉक्टर लॅरी नासर उपचाराच्या नावाखाली मुलींवर अत्याचार करायचा. खाण्यावर कडक बंधनं होती, आणि हा माणूस पोरींना चोरून खाऊ आणून द्यायचा, त्यामुळं सगळ्या कडक मोठ्या माणसांत हाच एक आपला वाटायचा. २०१८ च्या जानेवारीत कोर्टात दीडशेच्या वर मुली आणि बायका त्याच्यासमोर उभ्या राहून बोलल्या, त्याला ४० ते १७५ वर्षांची शिक्षा झाली आणि ते केंद्र त्याच महिन्यात बंद झालं. इंग्लंडमध्ये बॅरी बेनेल नावाचा फुटबॉल कोच, तो तर पोरांना स्वतःच्या घरी मुक्कामाला न्यायचा, घरात व्हिडिओ गेम, वेगवेगळे प्राणी, पोरं खूश, आईबाप खूश की एवढा मोठा कोच आपल्या पोराकडं लक्ष देतोय. २०१८ मध्ये पोरांवरच्या लैंगिक अत्याचारासाठी त्याला ३१ वर्षांची शिक्षा झाली आणि ज्यांच्यावर अत्याचार झाला ते सगळे मुलगे होते, हे मुद्दाम सांगतेय, कारण आपल्याकडं "मुलीला नको, पण मुलगा आहे, त्याला काय होतंय" असं म्हणून मुक्कामी पाठवणारे घरोघरी आहेत. मुलग्यांना धोका असतो, आणि मुलगे सांगत पण नाहीत, लोक हसतील म्हणून.

दोन्हीकडं पद्धत एकच दिसते. आधी विश्वास कमवायचा, पोराचाही आणि घरच्यांचाही. मग एकाला वेगळं काढायचं, त्याला नवीन शूज, जास्तीची प्रॅक्टिस, "तुझ्यात स्टेटचं मटेरियल आहे". मग छोटं गुपित, घरी सांगू नको. मग हळूहळू हात कुठं लागतो ते बघायचं, पोर गप्प बसलं की पुढं. त्यामुळं एखाद्या सरांनी सगळ्यांना सोडून तुमच्याच पोरावर खर्च चालू केला तर नुसतं हुरळून जाऊ नका. आणि फक्त कोचकडं बघू नका. मुक्कामी शिबिरात मोठी पोरं लहान पोरांना त्रास देतात, अंघोळीच्या वेळी, झोपायच्या वेळी, रॅगिंगच्या नावाखाली काहीही करायला लावतात. दहा वर्षाचं आणि सतरा वर्षाचं पोर एकाच हॉलमध्ये शेजारी गादी टाकून झोपतंय आणि मोठं माणूस जवळ कुणी नाही, असं असेल तर मी बाकी काहीही न बघता नाही म्हणेन.

मग अकॅडमीवाल्यांना विचारायचं काय? मी एकदा एका निवासी शिबिराच्या आयोजकांना फोनवर विचारलं होतं की रात्री मुलींच्या हॉलजवळ बाई कोण असतात, तर ते म्हणाले, "ताई, आमच्याकडं असलं काही होत नाही, विश्वास नसेल तर पाठवू नका." नाही पाठवलं. चांगल्या ठिकाणी ह्या प्रश्नाला नाव मिळतं, अमुक मॅडम असतात, त्यांचा नंबर घ्या, त्या हॉलच्या बाहेरच्या खोलीत झोपतात. एवढा साधा फरक असतो. बाकी विचारायचं ते असं: कुठलाही मोठा माणूस पोरांच्या खोलीत झोपत नाही ना, संडास-बाथरूमला आतून कड्या आहेत का, मालिश किंवा टेपिंग सगळ्यांसमोर होतं की खोलीत, मुलींचं वजन आणि मापं कोण घेतं, घरी फोन रोज करू देणार का आणि तो फोन सरांसमोर उभं राहून करायचा की बाजूला जाऊन, आम्ही न सांगता भेटायला आलो तर चालेल का, आणि कोचबद्दलच तक्रार असेल तर ऐकणारा कोचच्या हाताखालचा नसलेला माणूस कोण. एकट्या पोराला वेगळं कोचिंग द्यायचं असेल तर कुणालाही दिसेल आणि कुणीही मध्येच येऊ शकेल अशा जागी द्यायचं, हा अमेरिकेत नासर प्रकरणानंतर घातलेला नियम आपल्या ग्राऊंडला पण तसाच लागू पडतो.

एक गोष्ट हक्कानं मागा. पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, २०१२ चा, आणि त्याचे २०२० चे नियम आहेत त्यात शाळांबरोबर स्पोर्ट्स अकॅडमीचं नाव स्पष्ट लिहिलंय, पोरांशी संबंध येणाऱ्या प्रत्येक कर्मचाऱ्याचं पोलीस व्हेरिफिकेशन करायचं आणि ते वेळोवेळी करायचं, मग तो कोच असो नाहीतर काँट्रॅक्टवरचा माणूस. म्हणजे स्वयंपाकी, वॉचमन, गाडीचा ड्रायव्हर सगळे आले. व्हेरिफिकेशनचा कागद म्हणजे शंभर टक्के गॅरंटी नाही, पहिल्यांदाच गुन्हा करणारा त्यात सापडत नाही, पण ज्यानं तो कागद करून ठेवलाय त्यानं निदान ह्या विषयाचा विचार तरी केलाय.

तिसरा पर्याय संघटनेचं शिबिर, इथं तुलना जरा अवघड होते. कागदावर हे जास्त सुरक्षित, कारण कोच एकटा नसतो, मॅनेजर असतो, मुलींच्या टीमबरोबर लेडी मॅनेजर असते, वर पदाधिकारी असतात. २०२२ मध्ये परदेशातल्या एका सराव दौऱ्यावर एका महिला सायकलपटूनं कोचविरुद्ध तक्रार केली, त्यानंतर साईनं (भारतीय क्रीडा प्राधिकरणानं) खेळांच्या राष्ट्रीय महासंघांना सांगितलं की महिला खेळाडूंचा संघ बाहेर जाताना महिला कोच बरोबर पाहिजेच. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा पण क्रीडा संकुलाला, स्टेडियमला, सराव निवासी असो नसो, लागू होतो, तिथं तक्रार समिती कुठली हे विचारायचा हक्क आहे. पण इथं नाही म्हणायची सोय नसते. अकॅडमी आवडली नाही तर दुसरी बघता येते, इथं शिबिराला नाही गेलं तर टीममधून नाव जातं, आणि पोराला ते माहीत असतं, म्हणून ते सगळं सहन करतं. जेवढी सिलेक्शनची ताकद जास्त तेवढी पोराची जीभ जड होते. म्हणून इथं प्रश्न एकट्यानं विचारू नका, टीममधल्या चार-पाच पालकांनी मिळून मॅनेजरला विचारा, म्हणजे राग एका पोरावर निघत नाही. आणि लेडी मॅनेजर नुसती यादीत नाव असलेली आहे की खरंच मुक्कामाला जाणार आहे, हे तिच्याशीच बोलून खात्री करा.

आता माझा कौल. बारा वर्षाच्या आतलं पोर असेल तर येऊन-जाऊनच, सरळ. त्या वयात मुक्कामानं खेळात जे वाढतं ते घरून येऊन पण वाढतं. तेरा-चौदाच्या पुढं आणि खेळात खरंच पुढं जायचं असेल तर निवासी चालेल, पण दोन-तीन कोच असलेलं, लेडी स्टाफ असलेलं, पालकांना केव्हाही येऊ देणारं. एका नावाजलेल्या सरांचं, त्यांच्याच जागेत, ते एकटेच सगळं बघतात असं शिबिर, सर कितीही मोठे असोत, मी घेणार नाही, आणि ह्यात त्या सरांचा अपमान नाही, चांगल्या सरांना पण दुसरं माणूस बरोबर असणं सोयीचंच असतं. मधला मार्ग पण काढता येतो, शिबिर होटगी रोडला असेल आणि मावशी तिकडंच राहत असेल तर दिवसभर शिबिर, रात्री मावशीकडं. बऱ्याच आयोजकांना चालतं, आपण विचारत नाही म्हणून कळत नाही.

पाठवलंच तर पोराला जाण्याआधी दोन गोष्टी पक्क्या सांगा. सरांनी सगळ्यांसमोर हात धरून पोझिशन दुरुस्त केली तर ते कोचिंग, पण एकटं बोलावून केलं, किंवा घरी सांगू नको म्हटलं, तर ते लगेच घरी सांगायचं, आम्ही रागावणार नाही आणि खेळ बंद करणार नाही. हे शेवटचं वाक्य महत्त्वाचं, पोरं गप्प बसतात ती बहुतेक खेळ बंद होईल ह्या भीतीनं. आणि फोनवर एक ठरलेलं वाक्य ठेवा, "आजीला शेंगा चटणी पाठवून दे" म्हणलं की समजायचं आत्ता न्यायला या, का कशाला विचारायचं नाही, गाडी काढायची.

आणि देव न करो, पोरानं काही सांगितलं, तर त्याला पुन्हा पुन्हा खोदून विचारू नका, सरांना जाब विचारायला पण धावू नका, त्यांना पुरावा मिटवायला वेळ मिळतो. कपडे धुवू नका, मोबाईलमधले मेसेज पुसू नका. १०९८ (मुलांची हेल्पलाइन) किंवा ११२ ला फोन करा. जागा ग्रामीणच्या हद्दीत आहे, शहर पोलीस घेणार नाहीत असं कुणी म्हणलं तर ऐकू नका, गुन्हा कुठल्याही पोलीस स्टेशनला नोंदवता येतो. पोराचा जबाब घरी घेता येतो, पोलीस गणवेशात नसतात, शक्यतो महिला अधिकारी असते, आणि पोराची ओळख पेपरात किंवा टीव्हीवर देता येत नाही. "संघटनेचं नाव खराब होईल, आपसात मिटवू" असं म्हणणाऱ्याला सांगा की माहिती असून पोलिसांना न कळवणं हाच गुन्हा आहे, आणि संस्थेच्या प्रमुखानं दाबलं तर त्याला एक वर्षापर्यंत कैद आहे.

हे सगळे प्रश्न ॲडव्हान्स भरायच्या आधी विचारा आणि उत्तरं व्हॉट्सॲपवर लेखी घ्या, कारण एकदा पाच-सहा हजार भरले की मन आपोआप "जाऊ दे, बाकीची पोरं पण जातायत की" असं म्हणायला लागतं.