मशीन थांबलं होतं, मीच ते पुन्हा चालू केलं

निफाड तालुक्यात आमचं पाण्याच्या मोटारी, पाईप आणि ठिबकच्या सामानाचं दुकान आहे. लग्न होऊन आले तेव्हापासून, म्हणजे सतरा वर्षं, गल्ल्यावर मी बसते. द्राक्षाच्या हंगामात एका दिवसात लाखाच्या वर रोकड मोजलेली आहे. हे आधी सांगते, कारण पाचशेच्या अकरा खोट्या नोटा माझ्या हातात देऊन एक माणूस निघून गेला, तो मला नोटांतलं काही कळत नव्हतं म्हणून नव्हे. कळत होतं. त्या दहा मिनिटांत मी बघितलं नाही.

२०२५च्या फेब्रुवारीतली गोष्ट. संध्याकाळचे सात वाजून गेले होते, लाईट गेलेली, दुकानात इन्व्हर्टरवरचा एकच दिवा. हे शेतावर मोटार बसवायला गेले होते. दुकानात मी आणि आमचा माल उचलणारा मुलगा. एक पिकअप येऊन उभी राहिली. पन्नाशीचा माणूस उतरला, पांढरा सदरा, डोक्याला टोपी, चपलांना माती. सोबत एक तरुण, तो गाडीतच बसून राहिला. "ताई, विहिरीवरची मोटार जळाली. बागेला पाणी थांबलंय, माल काढणीला आलाय. पाच एचपीची द्या, चांगल्यातली द्या."

आमच्याकडे मोटार घ्यायला येणारा शेतकरी अर्धा तास बसतो. विहीर किती फूट, पाणी किती लांब न्यायचं, वायंडिंग तांब्याचं आहे ना, हे सगळं विचारतो. वॉरंटी कार्डावर दुकानाचा शिक्का मारून घेतल्याशिवाय उठत नाही. आणि भाव तर करतोच करतो. या माणसाने यातलं काहीच केलं नाही. मी चोवीस हजार पाचशे म्हणाले, त्याने "बरं" म्हटलं. त्याच्या घाईची मला कणव आली. बागेचं पाणी थांबणं म्हणजे काय, ते मला माहीत आहे. माझं माहेर द्राक्षवाल्यांचं आहे. आमच्या भागात कोणत्या शब्दाने माणूस विरघळतो, हे त्याला बरोबर ठाऊक होतं.

त्याने खिशातून बंडल काढलं. "आत्ताच दुपारी बँकेतून काढलेत," असं म्हणून माझ्यासमोर मोठ्याने मोजलं. एकोणपन्नास. मग माझ्या हातात दिलं. मी ते मोजायच्या मशीनमध्ये टाकलं आणि मशीन मध्येच थांबून वाजायला लागलं.

इथे थोडं थांबून सांगते, कारण माझी चूक इथेच झाली. नोटेचा कागद साध्या कागदासारखा लाकडाच्या लगद्याचा नसतो, कापसाचा असतो, आणि त्यात पांढरेपणा आणणारी रसायनं नसतात. म्हणून अतिनील दिव्याखाली, ज्याला सगळे यूव्ही म्हणतात, खरी नोट अंधारीच दिसते. तिचा क्रमांक, कागदातले बारीक तंतू अशा ठरावीक खुणाच तेवढ्या उजळतात. साधा कागद मात्र निळसर पांढरा लख्ख चमकतो. आमच्या मशीनमध्ये तो दिवा आहे. चमकणारी नोट आली की मशीन थांबतं. पण कपडे धुवायच्या पावडरीतही तीच चमक आणणारी रसायनं असतात. पँटच्या खिशात राहून धुतली गेलेली खरी नोटसुद्धा मशीनला खोटी वाटते. शेतकऱ्यांच्या नोटा अशा पुष्कळ येतात. दिवसातून चार वेळा मशीन थांबायचं, गिऱ्हाईक वैतागायचं, म्हणून गर्दीच्या वेळी मी यूव्हीचं बटण बंद करायला शिकले होते.

त्या संध्याकाळीही मी वरची नोट काढून पाहिली, नोट ठीक वाटली, पुन्हा टाकली. मशीन पुन्हा थांबलं. तेव्हा मीच त्याला म्हणाले, "धुतलेली दिसतेय एखादी." तो म्हणाला, "असेल ताई." मी बटण बंद केलं. मशीन सरसर चाललं. एकोणपन्नास.

बिलावर त्याने नाव आणि मोबाईल नंबर सांगितला. दोन्ही खोटे निघाले. मोटार पिकअपमध्ये चढवायला आमच्याच मुलाने हात लावला.

आठ वाजता तो मुलगा म्हणाला, "वहिनी, आईच्या गोळ्या आणायच्यात, हजार रुपये उचल द्या." त्याच बंडलाच्या वरच्या दोन नोटा मी त्याला दिल्या. बाकीचं बंडल बिलाच्या कार्बन प्रतीसकट रबर लावून कपाटात ठेवलं. मोठी रोख रक्कम बिलासोबतच बांधून ठेवायची, ही सासऱ्यांनी लावलेली शिस्त. पुढे तिनेच मला वाचवलं.

सकाळी शटर उघडायला गेले तर तो आधीच पायरीवर बसलेला. दोन्ही नोटा हातात धरून. मेडिकलवाल्याने चार लोकांसमोर त्याला "कुठून आणल्यास या? पोलिसांना बोलावू का?" असं विचारलं होतं आणि नोटा अंगावर फेकल्या होत्या. गोळ्या मिळाल्या नाहीत. तो मला बोलला नाही काही, फक्त म्हणाला, "वहिनी, ह्या चालत नाहीत म्हणतात." मी लगेच दुसरे हजार दिले, गोळ्या आणायला पाठवलं. पण चौकात त्याला जे ऐकून घ्यावं लागलं, ते मला परत घेता आलं नाही. पाच हजार पाचशे गेल्याचं दुःख केव्हाच संपलं, हे संपलेलं नाही.

माझे मामा नाशिकरोडच्या नोटा छापणाऱ्या प्रेसमधून निवृत्त झालेत. तिथे १९२८पासून नोटा छापल्या जातात आणि जेलरोड-उपनगर भागात घरटी कोणी ना कोणी 'प्रेसमध्ये' असतंच. त्यांना फोन केला. ते म्हणाले, "बंडल घेऊन उन्हात ये. आधी डोळे मिटून बघ, मग उघडून."

मी दुकानाच्या ओट्यावर बसले, एक माझ्या खात्रीची खरी नोट डाव्या हातात आणि बंडलातली एक उजव्या हातात. खऱ्या पाचशेच्या नोटेवर दोन्ही कडांना पाच तिरप्या रेषा असतात. त्या, गांधीजींचं चित्र, उजवीकडचा अशोकस्तंभ आणि छोटं वर्तुळ, हे सगळं उठावाच्या छपाईचं असतं. नखाला, बोटाला खरखर लागते. मामा म्हणाले, कोरलेल्या पत्र्यातली शाई प्रचंड दाबाखाली कागदावर उचलली जाते, म्हणून ती उंच बसते. घरगुती प्रिंटरची शाई कागदावर नुसती पसरते. उजव्या हातातल्या नोटेच्या रेषा गुळगुळीत होत्या. पण मामांनी लगेच बजावलं, नुसत्या हातावर विसंबू नको, फार फिरलेल्या खऱ्या नोटेचा उठावही झिजून जातो. दोन-तीन खुणा जुळवल्याशिवाय निकाल द्यायचा नाही.

मग धागा. खऱ्या नोटेत तो कागदाच्या आत असतो, समोरून मध्ये मध्ये खिडकीसारखा बाहेर डोकावतो आणि उजेडासमोर धरला की सलग एक रेघ दिसते. त्यावर 'भारत' आणि इंग्रजीत आरबीआय लिहिलेलं असतं. नोट कलती केली की हिरवा धागा निळा होतो. उजव्या बाजूला खाली रुपयाच्या चिन्हासकट पाचशेचा आकडा असतो, तोही हिरव्याचा निळा होतो. माझ्याकडच्या खोट्या नोटांवर हिरवी चमकदार पट्टी होती, इन्व्हर्टरच्या दिव्यात कोणीही फसेल अशी. उन्हात कितीही कलती केली तरी ती हिरवीच राहिली.

जलचिन्हाने तर माझी खात्रीच पटली. खऱ्या नोटेत रिकाम्या जागेतले गांधीजी आणि शेजारचा ५०० हा आकडा उजेडासमोर धरल्यावरच उमटतात, आणि चेहऱ्यावर फिकट-गडद छटा असतात, कारण तो कागदाच्याच जाडी-पातळपणाने घडलेला असतो. खोट्या नोटेत टेबलावर ठेवूनही करडा चेहरा दिसत होता. छापलेला होता. तसंच डावीकडच्या अर्ध्या-मुर्ध्या आकृतीचं. तिचा अर्धा भाग पुढे आणि अर्धा मागे छापलेला असतो. उजेडासमोर दोन्ही जुळून नेमका ५०० होतो. इथे जुळवणी हुकलेली होती.

शेवटी मामा म्हणाले, "आता क्रमांक वाच." सगळ्या अकरा नोटा ओळीत मांडल्या. अकरा नोटांवर मिळून क्रमांक तीनच. एकेक नोट स्वतंत्र पाहिली असती तर हे कधीच कळलं नसतं. रोखीत नव्या कोऱ्या नोटांचं बंडल आलं तर दहा सेकंद काढून क्रमांकांवरून नजर फिरवा, एवढं माझं प्रत्येक गल्लेवाल्याला कळकळीचं सांगणं आहे. त्याला दिवा लागत नाही आणि मशीनही लागत नाही.

नातेवाइकांचे फोन सुरू झाले. "एकेक करून बाजारात चालवून टाक", "पेट्रोल पंपावर रात्री दे", "फाडून टाक, पोलिसांच्या नादी लागू नको." खोटी नोट माहीत असून खरी म्हणून पुढे देणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १७९खाली गुन्हा आहे, जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. तशा हेतूने नुसती जवळ बाळगली तरी कलम १८०खाली सात वर्षांपर्यंत. पण खरं सांगते, मला कलमांच्या आधी पायरीवर बसलेला तो मुलगा आठवला. मी चालवलेली नोट फिरत फिरत अशाच कोणाच्या तरी हातात पडणार होती.

बँकेत गेले. काउंटरवरच्या माणसाने "मॅडम, कशाला भानगडीत पडता, घेऊन जा परत" असं म्हटलं. हे तो म्हणू शकत नव्हता. रिझर्व्ह बँकेचा नियम असा की काउंटरवर आलेली बनावट नोट बँकेने शिक्का मारून जप्त करायची, ती गिऱ्हाइकाला परत करायची नाही, आणि विहित नमुन्यात पोचपावती द्यायची. एका व्यवहारात चारपर्यंत नोटा असतील तर बँक महिन्याच्या अखेरीस पोलिसांना एकत्र अहवाल देते. पाच किंवा जास्त असतील तर गुन्हाच नोंदवावा लागतो. हे मामांनी आधी सांगितलं होतं म्हणून मी मॅनेजरना भेटले. त्यांनी सगळं नियमाने केलं. पावती मागून घ्या. ती हातात नसेल तर नोट तुमच्याकडून कशी गेली, याचा तुमच्याकडे काहीच पुरावा राहत नाही. पैसे मात्र मिळत नाहीत, एक रुपयाही नाही. त्या मोटारीवर आम्हाला सुटणार होते दीड हजार.

पोलीस ठाण्यात दोन तास गेले. "कशावरून त्याच गिऱ्हाइकाच्या?" हा पहिला प्रश्न. तेव्हा रबरात बांधलेली बिलाची प्रत आणि कॅमेऱ्यातलं चित्रण दाखवलं. नोट कायदेशीर मार्गाने आपल्याकडे आली हे दाखवता आलं तर ती जवळ असणं गुन्हा ठरत नाही, असं कलम १८०मध्येच स्पष्ट लिहिलेलं आहे. नोटा तपासणीसाठी नाशिकरोडच्या प्रेसलाच गेल्या. तो माणूस अजून सापडलेला नाही. रिझर्व्ह बँकेच्या २०२४-२५च्या अहवालात बँकांमध्ये सापडलेल्या पाचशेच्या बनावट नोटांचा आकडा १ लाख १७ हजारांवर आहे, आदल्या वर्षीपेक्षा तिसऱ्या हिश्शाहून जास्त वाढलेला. माझ्या अकरा त्यातल्याच असतील.

त्यानंतर काही दिवस मी इतकी घाबरले होते की क्रमांकात चांदणीची खूण असलेली एक नोट एका म्हाताऱ्या आजोबांना परत केली. व्हॉट्सअॅपवर अशा नोटा खोट्या असतात म्हणून फिरत होतं. मामांनी कान उपटले. छपाईत बिघडलेल्या नोटेच्या जागी बदली म्हणून घातलेल्या नोटेवर ती चांदणी असते. ती पूर्ण खरी असते आणि रिझर्व्ह बँकेने २०२३मध्ये तसं जाहीरही केलंय. मी आजोबांच्या घरी जाऊन माफी मागून आले. आणखी एक सांगते. अंधांसाठी रिझर्व्ह बँकेचं 'मनी' नावाचं ॲप आहे, ते नोट कितीची आहे ते सांगतं. खरी की खोटी ते सांगत नाही. आमच्या बाजारातले दोघे जण त्याच भरवशावर बसले होते.

यूव्हीचं बटण आता कायम चालू असतं. धुतलेल्या नोटेवर मशीन थांबतं, गिऱ्हाईक कुरकुरतं, मी ती नोट घेऊन ओट्यावर जाते, उजेडासमोर धरते, धागा कलता करते, मग गल्ल्यात टाकते. गल्ल्याशेजारी पांढरा प्रखर दिवा इन्व्हर्टरवर वेगळा घेतलाय.

दर शनिवारी आमच्या मुलाचा पगार होतो. तो माझ्यासमोरच एकेक नोट दिव्याकडे धरून बघतो. पहिल्यांदा त्याला संकोच वाटला होता. मीच त्याला म्हणाले, बघ, सगळ्या बघ. त्याचं बघून होईपर्यंत मी थांबते.