मॉन्ट्रियलमध्ये सेजेपला लिबरल आर्ट्स घ्यावं का? लेकीच्या दोन वर्षांनंतरचा रिव्ह्यू

रेटिंग आधीच देते, 5 पैकी साडेचार.

इथले ओळखीचे आईबाबा दर हिवाळ्यात मला हेच विचारतात, मुलगी हुशार होती मग सेजेपला (शाळा आणि युनिव्हर्सिटीच्या मधलं कॉलेज) सायन्स का नाही घेतलं, लिबरल आर्ट्स (इतिहास, तत्त्वज्ञान, साहित्य, कला असं सगळं एकत्र) करून पुढे काय. म्हणून एकदाच नीट लिहून टाकते. आमची लेक हा प्रोग्रॅम पूर्ण करून आता मॅकगिल युनिव्हर्सिटीत पोलिटिकल सायन्स करतेय, आणि या दोन वर्षांत ती जेवढी वाचायला, लिहायला आणि मुद्दा धरून बोलायला शिकली तेवढी अख्ख्या शाळेत शिकली नव्हती.

जे इकडे नवीन आलेत त्यांच्यासाठी थोडक्यात सिस्टिम. आपल्या क्यूबेक प्रांतात शाळा अकरा वर्षांची, मग दोन वर्षं सेजेप, मग युनिव्हर्सिटीची डिग्री तीन वर्षांची. बाकी कॅनडात बारा आणि चार, म्हणजे हिशेब तोच. सेजेप 1967 ला सुरू झाले आणि सरकारी सेजेपमध्ये क्यूबेकच्या रहिवाशांना ट्यूशन फी नसते, सेमिस्टरची किरकोळ फी आणि पुस्तकं एवढाच खर्च. लिबरल आर्ट्स डॉसन, व्हॅनिए, जॉन ॲबॉट या सरकारी इंग्रजी सेजेपमध्ये आहे, मारियानोपोलिसलाही आहे पण ते प्रायव्हेट असल्याने तिथे फी पडते. आमचं कॉलेज कुठलं ते मुद्दाम सांगत नाही, कारण पुढे थोड्या तक्रारीही आहेत.

आता प्रोग्रॅमबद्दल. सोशल सायन्स या दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये मुलं आपापले कोर्स निवडतात, इथे तसं फार नाही, एकच बॅच बहुतेक कोर्स एकत्र करते आणि क्रम ठरलेला असतो. प्राचीन ग्रीस आणि रोमपासून सुरुवात, मग मध्ययुग, मग आधुनिक काळ, आणि त्याच्या बरोबरीने तत्त्वज्ञान, धर्म, कलेचा इतिहास, साहित्य. यातली खरी मजा म्हणजे इतिहासाच्या तासाला जो काळ चालू असतो त्याच काळातलं चित्र, त्याच काळातला विचार दुसऱ्या तासाला समोर येतो, त्यामुळे जेवणाच्या टेबलावर लेक रोमबद्दल बोलायला लागली की थांबायचीच नाही. गणित सुटतं असं समजू नका, गणित आणि लॉजिकचा एक कोर्स असतो, विज्ञानाच्या इतिहासाचा आणि पद्धतीचाही असतो. शिवाय सेजेपच्या सगळ्यांनाच असणारे इंग्रजीचे चार, ह्युमॅनिटीजचे तीन आणि पीटीचे तीन कोर्स आहेतच, आणि फ्रेंचचेही, लेकीच्या वेळी ते दोन होते.

एक उदाहरण देते म्हणजे लक्षात येईल. पहिल्या सेमिस्टरला ग्रीक तत्त्वज्ञ सॉक्रेटिसच्या खटल्यावर निबंध होता, इ.स.पू. 399 चा, प्रश्न असा की अथेन्सच्या नागरिकांच्या जागी बसून बघितलं तर त्याला दिलेली मृत्यूची शिक्षा समजण्यासारखी होती का. लेकीने अर्थात सॉक्रेटिसची बाजू घेऊन भरभरून लिहिलं. पेपर परत आला तेव्हा समासात पेन्सिलने सगळीकडे प्रश्न. हे कुणी म्हटलंय? याला पुरावा काय? अथेन्स नुकतंच युद्ध हरलंय, लोकशाही एकदा उलथून परत आलीय, याचा विचार कुठे केलास? दोन दिवस ती रडवेली होती, मग बसून पुन्हा लिहिलं, आणि दुसऱ्या वेळचा निबंध वाचून मलाच खटल्याची दुसरी बाजू पहिल्यांदा कळली. कोचिंग क्लासमध्ये हे मिळत नाही हो, एका मुलीच्या एका परिच्छेदावर मास्तरांनी एवढा वेळ घालवणं.

आपल्यासारख्या स्थलांतरितांच्या मुलांना भाषा कायद्यामुळे शाळा फ्रेंचमध्येच करावी लागते, तर सेजेपला एकदम इंग्रजीत निबंध लिहिणं जमेल का ही भीती मलाही होती. पहिलं सेमिस्टर जड गेलं, खरंच जड गेलं, पण इतकं लिखाण असतं की हात बसतो. लेकीच्या वेळी डिप्लोमासाठी इंग्रजीची एक्झिट टेस्ट पास व्हावीच लागायची, चार तास, तीन उताऱ्यांपैकी एक निवडून 750 शब्दांचा निबंध, त्याचं तिला काहीच टेन्शन आलं नाही. शेवटच्या सेमिस्टरला मोठा रिसर्च प्रोजेक्ट असतो, तळटीपा, संदर्भ सगळं रीतसर, त्यामुळे युनिव्हर्सिटीत पहिला मोठा पेपर आला तेव्हा ती शांतपणे लायब्ररीत जाऊन बसली.

आता तक्रारी. आर स्कोअर! नुसते मार्क बघत नाहीत, वर्गाच्या सरासरीच्या तुलनेत तुम्ही कुठे आणि तो वर्गच किती तगडा यावरून हा आकडा काढतात, बहुतेकांचा 15 ते 35 च्या मधे येतो, आणि युनिव्हर्सिटी तोच बघते. हे पहिल्याच आठवड्यात मुलांना समजावून सांगायला हवं होतं, आमच्या कॉलेजमध्ये कुणी नीट सांगितलं नाही, आम्ही इकडून तिकडून विचारून शिकलो. दुसरं म्हणजे अभ्यासक्रम बराचसा युरोपचाच, भारत, चीन, अरब जग येतं ते ओझरतं. एवढ्या चांगल्या प्रोग्रॅममध्ये हे मला फार खटकतं, अर्धा स्टार त्याचाच कापलाय.

आणि इंजिनीअरिंग किंवा मेडिसिन डोक्यात असेल तर हे घेऊ नका, त्यासाठी लागणारं कॅल्क्युलस, फिजिक्स, केमिस्ट्री यात नाही, मग वेगळे कोर्स करत वर्ष जातं. लॉ हवं असेल तर मात्र बेस्ट, मॅकगिलचं लॉ सेजेपनंतर थेट अर्ज घेतं, बाकी प्रांतांसारखी आधी युनिव्हर्सिटीची काही वर्षं करावी लागत नाहीत, अर्थात स्कोअर खूप वरचा हवा आणि फ्रेंचही चांगलं हवं. आपल्या मुलांचं फ्रेंच शाळेमुळे पक्कं असतं, तिथे त्याचा फायदा होतो.

2022 च्या बिल 96 या भाषा कायद्यानंतर इंग्रजी सेजेपच्या सीट्सवर मर्यादा आलीय आणि इंग्रजी शाळेत शिकण्याच्या हक्काचं सर्टिफिकेट असलेल्यांना आधी घेतात, त्यामुळे एकाच कॉलेजवर अवलंबून राहू नका. अर्जाची शेवटची तारीख 1 मार्च असते. त्याआधी ओपन हाऊसला, म्हणजे कॉलेज बघायला बोलावतात त्या दिवशी, मुलांना घेऊन जा, आणि तिथे लिबरल आर्ट्सच्या टेबलावर उभ्या असलेल्या विद्यार्थ्यांनाच विचारा की आठवड्याला वाचायला किती असतं. उत्तर ऐकून मुलगा किंवा मुलगी खूश झाली तर बिनधास्त फॉर्म भरा.