वेराक्रिप्ट: ड्रॉइंगच्या पेनड्राइव्हला पक्कं कुलूप

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या पॅटर्न शॉपमधून (ओतकामाचे नमुने बनवणाऱ्या कारखान्यातून) शिरोलीच्या फाउंड्रीत गिऱ्हाइकाचं ड्रॉइंग उघड्या पेनड्राइव्हवर जातं. तो पेनड्राइव्ह रिक्षात राहिला, तर गिऱ्हाइकाला लिहून दिलेल्या गोपनीयतेच्या कराराला अर्थ उरत नाही. ड्रॉइंग पासवर्डनं कुलूपबंद करायला वेराक्रिप्ट हेच सॉफ्टवेअर वापरा, असं आमचं ठाम मत आहे. ते फुकट आहे, त्याचा सोर्स कोड खुला आहे आणि २०१४ मध्ये बंद पडलेल्या ट्रूक्रिप्ट या तशाच सॉफ्टवेअरच्या कोडवर ते उभं आहे.

पेनड्राइव्ह आधी एक्सफॅट या फाइल-पद्धतीत फॉरमॅट करा. फॅट३२ या जुन्या पद्धतीवर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही, त्यामुळे तेवढा मोठा कंटेनर तिथं बनतच नाही. मग 'क्रिएट व्हॉल्यूम'मध्ये फाइल कंटेनर (ड्रॉइंग आत ठेवायची कुलूपबंद पेटीसारखी एक फाइल) निवडा, १० जीबी पुरे. एईएस आणि एसएचए-५१२ या कुलपाच्या गणिती पद्धती आपोआप निवडलेले असतात, त्या बदलू नका. पासवर्ड २० अक्षरांपेक्षा मोठा हवा आणि तो पेनड्राइव्हसोबत नव्हे, फोनवर सांगा. शेवटी माउस फिरवायला सांगतात. पट्टी भरेपर्यंत तो खरोखर फिरवा, किल्ली त्या हालचालीतूनही घडते.

फाउंड्रीच्या पीसीवर वेराक्रिप्ट आधी टाकून घ्या. पोर्टेबल (इन्स्टॉल न करता चालणाऱ्या) आवृत्तीला विंडोजवर अ‍ॅडमिनचे हक्क लागतात आणि ऐनवेळी ते कुणाकडेच नसतात.

नुकसान बहुतेकदा इथं होतं: काम झाल्यावर कंटेनर अनमाउंट (बंद) न करता पेनड्राइव्ह ओढला की आतल्या फाइली बिघडू शकतात. 'व्हॉल्यूम टूल्स'मधून हेडरचा (कंटेनरच्या किल्लीची माहिती असलेल्या भागाचा) बॅकअप काढून दुसरीकडे ठेवा. पासवर्ड बदलला की बॅकअप नवा घ्या आणि जुना पुसा, कारण जुन्या बॅकअपवर जुना पासवर्ड चालतो. कंटेनर क्लाउडवर ठेवत असाल, तर फाइलची तारीख जपण्याचा पर्याय सेटिंगमध्ये बंद करा. तो सुरू असताना आतलं ड्रॉइंग बदललं तरी फाइलची तारीख तीच राहते आणि बदललेली प्रत वर जातच नाही.

पासवर्ड विसरला तर माल गेला. कुणाकडेही जादा किल्ली नाही, आणि आमच्या लेखी हाच याचा सगळ्यात मोठा गुण आहे.

याच गुणावर सरकारी मसुद्यानं घाव घातला होता. सप्टेंबर २०१५ च्या राष्ट्रीय एन्क्रिप्शन (माहिती कुलूपबंद करण्याच्या) धोरणाच्या मसुद्यात विक्रेत्यांनी एन्क्रिप्शनच्या उत्पादनाची सरकारकडे नोंदणी करावी, लोकांनी नोंदवलेलीच उत्पादनं वापरावीत आणि मूळ मजकूर ९० दिवस उघड्या स्वरूपात जपावा, असं होतं. फुकट वाटल्या जाणाऱ्या वेराक्रिप्टची नोंदणी करायला विक्रेता कुठून आणायचा? आणि ड्रॉइंगची उघडी प्रत तीन महिने पीसीवर पडून राहणार असेल, तर पेनड्राइव्हला कुलूप लावून काय उपयोग? लोक खवळले आणि मसुदा मागं घेतला गेला. तपासासाठी सरकारचे हात बांधलेले आहेत असंही नाही: माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९ खाली माहिती उलगडून देण्याचा आदेश देता येतो आणि तो न पाळल्यास सात वर्षांपर्यंत कैद आहे. हा अधिकार हातात असताना सरसकट सगळ्यांच्या कुलपांवर बंधनं घालणं अन्यायाचं आहे. एन्क्रिप्शनच्या पद्धती ठरवण्याची मुभा सरकारला देणारं कलम ८४ अ मात्र कायद्यात कायम आहे. त्याखाली पुन्हा मसुदा आला, तर उद्यमनगर-शिरोलीच्या उद्योजक संघटनांनी पहिल्याच दिवशी लेखी हरकत नोंदवावी.