वाचनालयाचं सभागृह: तासावर द्यावं, की क्लासला वर्षभरासाठी?

वाचनालय चालवायला सरकारकडून मिळणारं परिरक्षण अनुदान पगार, पुस्तकं आणि वीजबिलात संपतं. मुलांचा गोष्टींचा तास, ज्येष्ठांचा वाचनकट्टा, दिवाळीनंतरची व्याख्यानं यांसाठी हातात काही उरत नाही. मग कार्यकारी मंडळाच्या बैठकीत कुणीतरी म्हणतं, वरचा हॉल भाड्याने देऊ या. द्यावाच, असं माझं मत आहे. प्रश्न एवढाच, की कसा?

पुण्याच्या पेठांत सर्वांत आधी दारात येतो तो स्पर्धा परीक्षेचा क्लास. तो वर्षाचा करार करतो, अनामत देतो, महिन्याच्या पाच तारखेला चेक आणून देतो. तासाच्या भाड्याचा हिशेब मांडला तर तो यापुढे फिका वाटतो. समजा तासाला 500 रुपये आणि आठवड्याला 8 तास बुकिंग, म्हणजे महिन्याला 16,000. तेही लग्नसराईत आणि परीक्षांच्या दिवसांत कमी होणार. क्लासवाला याहून जास्त सहज देतो.

आमच्या संस्थेने दोन वर्षं क्लासला हॉल दिला होता. पहिले तीन महिने सगळे खूश. मग शनिवारी चार वाजता गोष्टी ऐकायला आलेली पोरं जिन्यात बसलेली दिसू लागली, कारण आत सराव परीक्षा चालू. एक आजी नातवाला घेऊन आल्या, चपला काढल्या, दाराला आतून कडी पाहिली आणि पुन्हा चपला घालून निघून गेल्या. त्या नंतर कधी आल्या नाहीत. ज्या कार्यक्रमांसाठी पैसा जमवत होतो, त्यांचीच जागा आम्ही विकून बसलो होतो.

कायद्याचंही बघा. संस्था सार्वजनिक न्यास असेल, तर 1950 च्या विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम 36 प्रमाणे तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याला धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. तासाच्या भाड्याला ही अडचण नाही. करसवलतीचा प्रश्न मात्र दोन्हीकडे आहे: सार्वजनिक उपयोगाच्या कामासाठी नोंदलेल्या संस्थेचं धंदेवाईक उत्पन्न एकूण जमेच्या 20 टक्क्यांपुढे गेलं, तर सवलत धोक्यात येते. सीएंना आधी विचारा, ठराव नंतर करा.

तासावर देताना गिऱ्हाईक मिळेल का, ही भीती मला अनाठायी वाटते. एस. एम. जोशी सभागृह किंवा पत्रकार भवन चाळीस माणसांच्या काव्यवाचनाला मोठं पडतं. साठ खुर्च्यांचा, चालू माइकचा आणि पंखा आवाज न करणारा हॉल हवा असलेले लोक पुष्कळ आहेत. सोसायटीची वार्षिक सभा, छोटं पुस्तक प्रकाशन, गाण्याची बैठक, साड्यांचं प्रदर्शन. केळवण आणि डोहाळेजेवणाला मात्र नाही म्हणा, कितीही पैसे देऊ केले तरी. खरकटं राहिलं की झुरळं आणि उंदीर येतात, आणि ते खालच्या कपाटांपर्यंत पोचायला वेळ लागत नाही. चहा-बिस्किटांवर थांबा.

अभ्यासिका हा तिसरा मार्ग. उत्पन्न नियमित आणि काम वाचनालयाला शोभणारं, पण टेबलं एकदा मांडली की हॉल हॉल राहत नाही. दुसरी खोली असेल तरच हा विचार करा.

तासाचं भाडं निवडलंत, तर वर्षाची वही उघडताना आधी आपल्या तारखा भरा: सगळे शनिवार, 15 ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन, 27 फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन. उरलेल्याच दिवसांना भाडं. जमा वेगळ्या खात्यात ठेवा, नाहीतर ती गळक्या छपराच्या दुरुस्तीत जाईल आणि व्याख्यानाच्या वेळी पुन्हा हात पसरावे लागतील. दरपत्रकात तीन दर असू द्या: सभासदांना कमी, बाहेरच्या संस्थांना मधला, विक्रीच्या प्रदर्शनाला पूर्ण. आणि रात्री साडेनऊला खुर्च्या रचून कुलूप लावणाऱ्या शिपायाचा भत्ता त्याच भाड्यातून काढा. आम्ही पहिल्या वर्षी ते विसरलो होतो, आणि तो आठ महिने एक शब्द बोलला नाही.