पीफास काढायला कोळसा बरा की नॅनोफायबर?

रंकाळ्यावर चहा पिताना मित्राने विचारलं, पाण्यातलं ते पीफास, म्हणजे नॉनस्टिकवाल्या केमिकलांचं कुटुंब, उकळून जातंय का? नाही भावा, कार्बन-फ्लोरिनचा बंध लय चिवट, उलट पाणी आटलं की प्रमाण वाढतंय.

मग पकडून ठेवणारं काहीतरी पाहिजे. एक म्हणजे ॲक्टिव्हेटेड कार्बन, घरच्या फिल्टरमधला बारीक छिद्रांचा कोळसा. पीएफओए, पीएफओएससारखे कार्बनच्या लांब साखळीवाले पीफास तो चांगले धरतो, पण छोट्या साखळीवाले लवकर निसटतात, आणि दाण्यात खोल शिरायला वेळ जातो.

नॅनोफायबरची जाळी दिसायला पांढऱ्या टिश्यू पेपरसारखी, पण धागा केसापेक्षा शंभरेक पट बारीक, हाय व्होल्टेजवर ओढून काढलेला. त्यावर अमाइन, म्हणजे नायट्रोजनवाला रासायनिक गट, लावला की पॉझिटिव्ह चार्ज येतो आणि पाण्यातले बरेचसे पीफास निगेटिव्ह, मग चिकटतातच की, तेपण पटकन, कारण आत शिरायचं अंतरच कमी. अमेरिकेने 2024 मध्ये पीएफओए, पीएफओएसला लिटरमागे 4 नॅनोग्रॅमची मर्यादा लावली, तिथं हे भारी वाटतंय.

पण जाळी नाजूक, महाग, मोठ्या प्लांटला अजून कोळसाच परवडतो. आणि दोन्ही नुसतं धरतात, पीफास मोडत नाहीत, भरलेला माल टाकायचा कुठं हा घोळ राहतोच. मी सध्या कोळशावरच आहे, कार्ट्रिज बदलताना बोटं काळी होतात तेवढंच.